सिमरन नावाची कुणी नव्हतीच

चंडीमंदिर

चंडीगडला कशाला गेली होतीस, असं जळगावात मला अजून लोक विचारतात आणि खरं उत्तर दिलं की समोरचा माणूस घाईघाईनं हवापाण्याकडे वळतो. म्हणून हवापाणी आधीच सांगून टाकते. गेल्या हिवाळ्यात गेले होते. सकाळी धुकं असं की फाटकाशी उभी असलेली गाडी खिडकीतून दिसत नाही. दुपारी मात्र असं गोड ऊन पडतं की सगळं शहर कामं टाकून गवतावर येऊन बसतं आणि शेंगा फोडतं. आपल्याकडे ऊन चुकवायला माणूस झाड शोधतो, तिकडे झाड चुकवून ऊन शोधतात. झालं हवापाणी.

आता काम. मी समाजकार्याच्या कॉलेजात शिकवते. तरुण मुलामुलींना लैंगिक आरोग्याबद्दल काय माहीत आहे, काय वाटतं, कुणी शिकवलं आणि कुणी शिकवायचं टाळलं, हा माझा अभ्यासाचा विषय. काही राज्यांत एकाच पद्धतीनं चाललेल्या एका अभ्यासात चंडीगडच्या बाजूचं काम माझ्या वाट्याला आलं. अठरा पूर्ण झालेल्या मुलामुलींचे छोटे गट बसवायचे, त्यांना बोलतं करायचं आणि ऐकायचं. ऐकण्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं, असं आमच्या ह्यांचं मत होतं, पण त्यांचं मत विचारलं नव्हतं.

उतरले मावसबहिणीच्या मुलीकडे, अश्विनीकडे. तिचे यजमान फौजेत लेफ्टनंट कर्नल, त्यामुळे घर चंडीमंदिरच्या छावणीत. रस्ते झाडलेले, कुंपणं कातरलेली, मोठ्यानं बोलायची चोरी. पहिल्याच दिवशी चहा देताना अश्विनी म्हणाली, "मावशी, शेजारी मी सांगितलंय की तू आहारावर काम करतेस. सांभाळून घे हं."

"का गं? मी काय चोरी करायला आलेय?"

"अगं, इथे सगळ्या एकमेकींना ओळखतात. ह्यांच्याच मुली रेवाच्या वर्गात. तू जाशील निघून, मला अजून दीड वर्ष इथे काढायचंय."

तिची मुलगी रेवा बारावीत. मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदी. ती टोस्ट खाता खाता म्हणाली, "आजी, क्लास में सबको सब पता है. बस मम्मी लोगों को ये नहीं पता कि हमें पता है." अश्विनीनं तिच्याकडे असं पाहिलं की पोरीनं उरलेला टोस्ट खोलीत नेऊन खाल्ला.

दोन दिवसांनी बायकांचा चहा होता. तिथे माझी ओळख आहारतज्ज्ञ म्हणून करून दिली गेली आणि एका मेजरच्या बायकोनं वजनाचं विचारलं. मीही मागे हटले नाही. बाजरी, ज्वारी आणि उडीद घालून दळलेल्या पिठाची कळण्याची भाकरी ह्यांवर चांगली लांबलचक बोलले. त्या टिपून घेत होत्या. खोटं त्यात काहीच नव्हतं, फक्त मी त्यासाठी आले नव्हते.

सेक्टर ४३

चंडीगड ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते की इथे पत्त्याला नाव नसतं. आपल्याकडे "मारुतीच्या मागे, पिठाच्या गिरणीला लागून" असा पत्ता असतो. इथे माणूस म्हणतो अमुक सेक्टर, तमुक नंबर, आणि तुम्ही पोचता. चौकाचौकांत मोठी गोल वर्तुळं, त्यात फुलं. पहिले काही दिवस मला सगळे चौक एकसारखेच दिसायचे आणि रिक्षावाल्यानं फसवून त्याच चौकातून परत आणलंय असं वाटायचं. तसं काही नव्हतं.

माझी सहकारी हरप्रीत मला रोज सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडवर भेटायची. ती खरडची, समाजशास्त्रात एम. ए. करणारी, तोंडानं तेज आणि हातानं त्याहून तेज. गटात बोलायचं काम तिचं, पंजाबी मला कुठे येते! स्टँडवर हिमाचलच्या गाड्या लागलेल्या असायच्या, कंडक्टर डोंगरातल्या गावांची नावं गाऊन म्हणायचे, आणि बॅगा घेतलेल्या कॉलेजच्या पोरी खिडकीची जागा धरायला धावायच्या. तिथून हरप्रीतच्या स्कूटीवर मागे बसून खरड. थंडीत, ह्या वयात, स्वेटरवर शाल आणि शालीवर हेल्मेट. मला पाहून जळगावातल्या माझ्या विद्यार्थिनी हसून लोळल्या असत्या.

वाटेत एका ढाब्यावर तिनं मला वांग्याचं भरीत खाऊ घातलं. आता खानदेशी माणसाला भरीत खायला घालणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. त्यात टोमॅटो होता. वर लोणी. हिरवी मिरची नाही, शेंगदाणा नाही, कांद्याची पात नाही. मी म्हटलं, "ये भरीत नहीं है, ये वांगे की सब्जी है." हरप्रीत म्हणाली, "मैडम, आप रिसर्च करो, भरते में मत पडो." राजमा-भात मात्र असा होता की मी दोनदा मागून घेतला.

खरड

खरड म्हणजे मोहालीच्या पुढे वाढत सुटलेलं गाव. उंच स्वस्त इमारती, खासगी कॉलेजं आणि जिकडेतिकडे पाट्या: मुलींसाठी पीजी. घराचा वरचा मजला बाहेरगावच्या मुलींना भाड्यानं द्यायचा, दोन वेळ जेवू घालायचं, संध्याकाळी फाटक लावायचं, ह्याला तिथे पीजी म्हणतात. घरमालकीण ती सगळ्यांची आँटी.

गट कॉलेजच्या हिरवळीवर उन्हात बसायचे, मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे. मुलांबरोबर मी स्वतः बसायचे, हिंदीतून. पिकल्या केसांच्या बाईसमोर मुलं आधी लाजतात आणि मग एकदा सुटली की आवरत नाहीत. एकानं विचारलं, "मैम, वो दीवारों पे कमजोरी का जो लिखा होता है, वो सच है?" रेल्वेच्या कडेच्या भिंतींवरच्या त्या जाहिराती जळगावपासून अंबाल्यापर्यंत मी वाचत आले होते, शब्द तेच. मी म्हटलं, भिंत रंगवणाऱ्याचं पोट त्यावर चालतं, एवढंच खरं आहे. मग पोरं अर्धा तास प्रश्न विचारत राहिली. दहावीला तो धडा होता का, असं मी विचारलं, तर सगळी एका सुरात म्हणाली, "मैम ने बोला था, घर पे पढ लेना." आमच्याकडेही मास्तर हेच म्हणतात, "हा धडा घरून वाचून या." एवढा मोठा देश आणि ह्या एका वाक्यावर सगळ्यांचं एकमत.

आता आमच्या कामाची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यापायी झाला. ह्या विषयात "तू" हा शब्द वापरायचा नसतो. "तू काय केलंस" म्हटलं की मुलगी मुकी होते. म्हणून आम्ही एक मुलगी मनानं तयार करतो. जळगावात तिचं नाव सुनीता. सुनीता वसतिगृहात राहते, तिचा एक मित्र आहे, आणि तिला दोन महिने पाळी आलेली नाही. तिनं कुणाला सांगावं? एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं. मग मुली सुनीताबद्दल बोलतात आणि स्वतःचं मन मोकळं करतात.

पंजाबात सुनीता चालणार नव्हती. मी हरप्रीतला म्हटलं, हिला इथली कर, जिवंत कर. तिनं सिमरन केली. सिमरन हिमाचलच्या डोंगरातली, दुसऱ्या वर्षाला, खरडला पीजीत राहते, त्रेचाळीसवरून बसनं घरी जाते, आणि जिममध्ये येणारा एक मुलगा तिला आवडतो. मी वाचलं आणि पाठ थोपटली.

मुलींच्या गटात सिमरन छान चालली. कुणाला सांगावं, तर मैत्रिणीला, मोबाइलला, कुणालाच नाही. आईचं नाव एकीनंही घेतलं नाही. मग एका गटात एक मुलगी म्हणाली, "दीदी, कौन-सी पीजी?" आणि हरप्रीत पटकन बोलून गेली, "वही, गुरुद्वारे के पीछे वाली." मी शेजारीच होते. मला तेव्हा वाटलं, वा, पोरगी तयार झाली! मला कुठून अशी बुद्धी झाली कोण जाणे, मी तिथल्या तिथे तिला थांबवायला हवं होतं.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ. गुरुद्वाऱ्यामागे खरंच एक पीजी होती. तिच्यासमोर खरंच जिम होती. आणि तिथे नीलम नावाची हिमाचलची मुलगी राहत होती, दुसऱ्या वर्षाची, जी मध्येच काही आठवडे घरी जाऊन आली होती आणि येताना वाळून आली होती.

गुरुद्वाऱ्यामागची पीजी

दोन दिवसांत पराचा कावळा झाला, सिमरन म्हणजे नीलमच. पीजीच्या मालकिणीचा, परमजीत आँटींचा, हरप्रीतला फोन आला: तुझ्या मॅडमला माझ्या घरातलं कसं कळलं? आणि कळलं तर आधी मला का नाही सांगितलं? शनिवारी मी नीलमच्या बापाला फोन करणार.

"शनिवारीच का?" मी हरप्रीतला विचारलं.

"पापा पहाड पे ड्यूटी करते हैं, नेटवर्क नहीं मिलता. शनिवार को घर आते हैं." मग ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "मैडम, वो आके सीधा सामान उठवाएँगे. इसकी बडी बहन को भी ऐसे ही बीच में से ले गए थे, और शादी कर दी. सोमवार से नीलम के पेपर हैं."

गुरुवारी आम्ही दोघी गेलो. मला वाटलं होतं, पाच मिनिटांचं काम. सांगायचं की बाई, ही गोष्ट मनानं रचलेली आहे, आणि उठायचं.

परमजीत आँटी दांडग्या, गोऱ्यापान, सलवार-कमीजवर पुरुषाचं मोठं जाकीट. पंजाबात भांडणसुद्धा चहाशिवाय सुरू होत नाही, आणि चहा आपल्यासारखा कटिंग नाही, ग्लासभर. तो अर्धा होईपर्यंत त्यांनी माझी मुलं, माझे सांधे, माझा प्रवास ह्यांची चौकशी केली. मग ग्लास खाली ठेवला.

"आँटी जी," मी म्हटलं, "सिमरन नाम की कोई लडकी नहीं है. हमने बनाई है. मन से."

"मतलब झूठी?"

"हाँ जी, झूठी."

त्या मनापासून हसल्या. "मैडम जी, इतनी पढी-लिखी हो आप. झूठी कहानी सुनाने के लिए कोई महाराष्ट्र से खरड आता है? झूठी कहानियाँ तो हमारे यहाँ पडोसनें मुफ्त में सुना देती हैं."

मी पिशवीतून गोष्टीचा छापील कागद काढून दाखवला. तो सगळ्यात मोठा गाढवपणा. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि म्हणाल्या, "लो जी! लिख के भी रखा है!" मग बोटांवर मोजून मला पटवायला लागल्या, पहाडातली मुलगी, माझी पीजी, समोर जिम, त्रेचाळीसची बस. "और ये नीलम बीच सेशन में घर बैठ के आई. बताओ अब, इसमें झूठ क्या है?"

माझ्या गोष्टीतलं एकूण एक त्यांच्या अंगणात होतं.

बाई दुष्ट नव्हत्या, हे सांगायला हवं. पोरींना साजूक तुपातले पराठे घालत होत्या. म्हणाल्या, "इन सबके बापों को जवाब मुझे देना पडता है. कल को कुछ हो गया तो कौन आएगा, आप?" आणि मग तडजोडीच्या सुरात, "ऐसा करो, डॉक्टर के पास ले जाओ इसको. कागज ले आओ कि कुछ नहीं है. मैं चुप."

नीलम जिन्यावर उभी होती. बारीक, चष्मा, हातात पुस्तक, बोट पानात घातलेलं. सगळं तिच्यासमोर चाललं होतं आणि तिला कुणी बसही म्हटलं नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं तर तिनं मान वळवली. बरोबरच होतं, तिच्यावर हे बालंट मीच आणलं होतं.

कागद आणणार नाही, असं सांगून मी उठले. का नाही, ते आँटींना कळलं नाही, आणि त्या क्षणी मलाही नीट मांडता आलं नाही. नुसतं आतून "नाही" आलं.

पुन्हा चंडीमंदिर

अभ्यासाचे प्रमुख आहेत, त्यांना फोन केला. शांत गृहस्थ. म्हणाले, त्या गटाची नोंद रद्द करा आणि त्या भागात परत जाऊ नका. नियमाला धरूनच होतं ते. पण मला इतका राग आला की फोन ठेवल्यावर अश्विनीच्या स्वयंपाकघरात जाऊन मी वांगी भाजायला घेतली. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, सगळं ठेचून. घरभर ठसका उठला आणि शेजारच्या मेजरीणबाई आहार म्हणून वाटीभर घेऊन गेल्या.

जेवताना अश्विनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, तू उगाच ताणतेस. एक तपासणी, दोन मिनिटांचं काम. पोरगी सुटेल, तू सुटशील."

रेवा ताटातून मान वर न करता म्हणाली, "और पॉजिटिव आया तो?"

मी म्हटलं, "आणि नाही आलं, तरी त्या घरात पायंडा पडेल. कुठलीही पोर आठ दिवस गावी जाऊन आली की कागद मागतील. आणि ही रीत कुणी पाडली? तर जळगावच्या मॅडमनी."

"मग काय करणार आहेस?"

"बघू," मी म्हटलं. खरं तर काही सुचत नव्हतं. सिमरन नाही, हे त्या बाईला पटणार नाही, एवढं कळलं होतं. साप साप म्हणून भुई धोपटायला निघालेल्या माणसाला साप नाही म्हणून सांगून उपयोग नसतो.

गच्ची

शनिवारी सकाळी परमजीत आँटी गच्चीत उन्हात मटार सोलत होत्या. शेजारी मोबाइल. नीलम कोपऱ्यात पुस्तक घेऊन भिंतीला टेकलेली, कारण आँटींनी तिला नजरेआड होऊ दिलं नव्हतं. आम्हाला पाहून त्या वैतागल्या नाहीत. परात पुढे सरकवली, म्हणाल्या, हात चालवा. मी आणि हरप्रीतनं शेंगा घेतल्या.

"आँटी जी," मी म्हटलं, "परसों मैं आपसे झूठ बोली. वो लडकी है."

हरप्रीतच्या हातातली शेंग तशीच राहिली. नीलमनं पुस्तक मिटलं.

"वो मैं हूँ. मतलब, थी. कॉलेज में. आपके जैसे ही एक घर में रहती थी."

अशी कुठलीही गोष्ट माझ्या आयुष्यात घडलेली नाही, हे इथे स्वच्छ लिहिते. मी कॉलेजला घरूनच जायचे आणि माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. जिना चढताना मला हे सुचलं आणि जिना संपेपर्यंत ठरलं.

आँटींनी मला नखशिखांत न्याहाळलं. पांढरे केस, शाल, पायांत मोजे. "आप?"

"हाँ जी. नाम-गाँव बदलना पडता है ना, इसलिए सिमरन लिखा, पहाड लिखा."

"हाँ, वो तो बदलते ही हैं," त्या म्हणाल्या. एका झटक्यात विश्वास बसला! खरं सांगितलं तेव्हा हसल्या होत्या.

मग थोड्या पुढे सरकल्या आणि अगदी हळू विचारलं, "फिर? आपने किसको बताया?"

आली का पंचाईत. इतकी वर्षं हा प्रश्न मी दुसऱ्यांना विचारत आले, आणि मलाच तो कुणी विचारला नव्हता. मैत्रीण, मोबाइल, कुणालाच नाही, ही गटांतली उत्तरं मला पाठ होती. त्यातलं एकही मला सांगावंसं वाटेना.

"जिनके यहाँ रहती थी, उनको," मी म्हटलं. "अपनी आँटी को."

"उन्होंने घर पे फोन किया?"

"नहीं. पहले खाना खिलाया. फिर पूछा, तू क्या चाहती है. फिर डॉक्टर के पास साथ में आईं, बाहर बेंच पे बैठी रहीं. मैंने बोला तब अंदर आईं."

"और फिर?"

"फिर मैंने इम्तिहान दिया."

त्या सोलत राहिल्या, दाणे परातीत पडत राहिले. मग ओढणीनं डोळे पुसून म्हणाल्या, "इतनी कुडियाँ रह के गईं यहाँ. मेरे को तो आज तक किसीने कुछ नहीं बताया."

"आप बाप को फोन करती हो ना, आँटी जी," मी म्हटलं. मला गोड बोलायला जमत नाही.

त्या काही बोलणार तेवढ्यात मोबाइल वाजला. नीलमचे वडील. आँटींनी गुरुवारीच निरोप ठेवला होता, तो त्यांना नेटवर्कमध्ये आल्यावर मिळाला होता. नीलम उभी राहिली. आँटींनी फोन हातात धरून दोनदा वाजू दिला, मग उचलला.

"हांजी, भाई साहब. हाँ, मैंने ही बोला था बात करने को." त्या नीलमकडे बघत होत्या. "नहीं जी, बस ऐसे ही. ठीक है बिल्कुल. पढ रही है. सोमवार से पेपर हैं इसके, आप लोग फोन कर-कर के तंग मत करना. हाँ. सत श्री अकाल."

फोन जाकिटाच्या खिशात गेला. मी सोललेल्या दाण्यांत टरफलंच जास्त पडली होती, ती हरप्रीत निवडू लागली. तेवढ्यात आँटींच्या मनात नवी शंका आली. "तो फिर ये घर क्यों गई थी?"

"लडकियाँ घर जाती हैं, आँटी जी," मी म्हटलं.

त्यावर त्यांनी विचार केला आणि मान हलवली. मग म्हणाल्या, "वो आपकी आँटी, हैं अभी?"

आता तिला मारायचं माझ्या जिवावर आलं. "हैं जी."

"नाम क्या है उनका? कल गुरुद्वारे में उनकी सेहत की अरदास कराऊँगी. ऐसी औरत के लिए करनी चाहिए."

मला नाव सुचेना, आणि तोंडातून आईचं नाव निघालं. सुमन. पहिल्या पाळीला आईनं मला घडी केलेलं कापड हातात दिलं होतं आणि म्हणाली होती, कुणाजवळ बोलू नकोस. ह्या विषयावर आमचं आयुष्यभरात झालेलं बोलणं एवढंच. आता तिच्यासाठी, तिनं कधीच न केलेल्या कामाबद्दल, खरडला देवाजवळ मागणं मागितलं जाणार होतं. मला रडू आलं. आँटींना वाटलं, जुनं आठवलं. त्यांनी माझ्या पाठीवर असा दणकट हात फिरवला की शाल खाली पडली.

जिना उतरताना हरप्रीत कुजबुजली, "मैडम, सच में?"

"छे गं, नहीं," मी म्हटलं. ती जिन्यातच खाली बसली आणि तोंडावर हात दाबून हसत सुटली. मग ती आँटींनी दिलेल्या पिन्नीच्या लाडवांचा डबा आणायला परत वर गेली आणि मी फाटकाशी उभी राहिले.

मागून नीलम आली. पुस्तक तसंच हातात. जवळून पाहिली तर वयापेक्षा लहान दिसत होती. मला वाटलं, ही आता मला चार शब्द सुनावणार, आणि मी ऐकून घ्यायची तयारी केली.

"मैडम, वो कहानी झूठी थी ना? आपवाली?"

"हाँ," मी म्हटलं. तिच्याशी खोटं बोलायचं काही कारण नव्हतं.

तिनं फाटकाच्या कडीशी चाळा केला. "सबने पूछा मुझसे, मैं घर क्यों गई थी. लडकियों ने, आँटी ने. हरप्रीत दीदी ने भी फोन पे पूछा. आपने नहीं पूछा."

"नाही," मी मराठीतच म्हणाले. "नहीं पूछा."

"कोई न पूछे तो बताने का मन करता है."

मी पिशवी खाली ठेवली. रस्त्यावर ऊन होतं, जिमच्या दारात दोन पोरं स्कूटरवर बसली होती, वर गच्चीत आँटी हरप्रीतला डबा नीट झाकायला सांगत होत्या. फाटकाला टेकून नीलमनं मला सगळं सांगितलं. ते काय होतं, ते मी कुठल्याही अहवालात लिहिलेलं नाही आणि इथेही लिहिणार नाही.